शाळेचा मतदार

गांवची शाळा कोणाची, असा प्रश्न विचारला तर निरनिराळीं उत्तरें मिळतात. मुलें तिला गुरुजींची म्हणतात, गुरुजी तिला सरकारची म्हणतात आणि सरकार ती लोकांची आहे असें सांगतें. हें शेवटचें उत्तर खरें मानावयाचें असेल तर शाळा चालविणारीं माणसें लोकांनीं स्वतः निवडलेलीं असलीं पाहिजेत, आणि त्या माणसांच्या हातीं शाळेच्या खर्चाची किल्लीही असली पाहिजे. मत एकीकडे आणि तिजोरी दुसरीकडे अशी विभागणी झाली कीं लोकांची शाळा ही केवळ बोलण्यापुरती उरते. बुलढाणा जिल्ह्याच्या शिक्षण-कारभाराचा इतिहास पाहिला म्हणजे या दोन गोष्टी एकमेकींच्या जवळ किती वेळां आल्या आणि किती वेळां दुरावल्या हें ध्यानांत येतें.

केवळ शाळेसाठीं म्हणून निवडणूक घेण्याचा गाजलेला प्रयोग इंग्लंडांत झाला. १८७० सालच्या प्राथमिक शिक्षणाच्या कायद्यानें तेथें ‘स्कूल बोर्डें’ म्हणजे शाळा-मंडळें स्थापन करण्याची तरतूद केली. शाळा बांधाव्या, शिक्षक नेमावे आणि त्यासाठीं लागणारा पैसा स्थानिक करांतून घ्यावा, असा अधिकार या मंडळांना मिळाला. मतदानाची रीत मोठी विलक्षण होती. मंडळाच्या जितक्या जागा, तितकीं मतें प्रत्येक मतदाराला मिळत. तीं त्यानें निरनिराळ्या उमेदवारांत वांटावीं किंवा सगळीं एकाच्याच पदरांत टाकावीं. जागा सात असतील तर सात जणांस एकेक मत देतां येई, अथवा सातही मतें एकट्याला देतां येत. संख्येनें लहान असलेल्या पंथालाही आपला एखादा प्रतिनिधि निवडून आणतां यावा, हा या रीतीचा हेतु होता.

या रीतीचा धडा बर्मिंगहॅमच्या पुढाऱ्यांना पहिल्याच निवडणुकींत मिळाला. तेथें पंधरा जागा होत्या. शहरांत प्रबळ असलेल्या लिबरल पक्षानें पंधराही जागांसाठीं उमेदवार उभे केले. त्यामुळें त्याचीं मतें पंधरा ठिकाणीं पांगलीं आणि सहाच उमेदवार निवडून आले. चर्चच्या पक्षानें आठच उमेदवार उभे केले व ते आठही आले. उरलेली जागा एका कॅथलिक धर्मगुरूला मिळाली. त्याच्या अनुयायांनीं आपलीं सारीं मतें त्या एकालाच दिल्यामुळें तो सर्वांत पुढें राहिला. लंडनच्या मेरिलबोन विभागांत तर एलिझाबेथ गॅरेट या महिला डॉक्टरांना ४७ हजारांहून अधिक मतें पडलीं. पार्लमेंटच्या निवडणुकींत ज्या काळीं स्त्रीला मत नव्हतें, त्या काळीं शाळेच्या निवडणुकींत कर भरणाऱ्या स्त्रीला मत देतां येत होतें आणि स्त्रियांना उमेदवार म्हणून उभेंही राहतां येत होतें. मताची रीत बदलली कीं सत्तेवर बसणारीं माणसें बदलतात, हें या निवडणुकांनीं दाखवून दिलें.

हा अनुभव ताजा असतांनाच हिंदुस्थानांत शिक्षण आणि स्थानिक स्वराज्य हे दोन्ही प्रश्न एकाच वर्षीं पुढें आले. १८८२ च्या फेब्रुवारींत हंटर कमिशन नेमलें गेलें आणि त्याच वर्षीच्या १८ मे रोजीं लॉर्ड रिपन यांचा स्थानिक स्वराज्याचा ठराव प्रसिद्ध झाला. स्थानिक बोर्डें हीं लोकांच्या राजकीय शिक्षणाचें साधन आहेत, अशी रिपन यांची दृष्टि होती. जोतीराव फुले यांनीं त्या वर्षाच्या ऑक्टोबरांत कमिशनपुढें जें निवेदन ठेवलें, त्यांत त्यांनीं नेमकें तिजोरीवर बोट ठेवलें. सरकारचें उत्पन्न रयतेच्या घामांतून येतें आणि तें वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतें, ही त्यांची तक्रार होती. कमिशननें प्राथमिक शाळा स्थानिक बोर्डांच्या हातीं सोंपविण्याची आणि स्थानिक शिक्षण-निधीवर प्राथमिक शिक्षणाचा जवळजवळ संपूर्ण हक्क मानण्याची शिफारस केली.

येथें मात्र इंग्लंडाहून एक मोठा फरक राहिला आणि पुढें तोच निर्णायक ठरला. इंग्लंडांत शाळेचें मंडळ वेगळें आणि त्याची निवडणूकही वेगळी होती. इकडे शाळा, रस्ता, विहीर, दवाखाना, धर्मशाळा आणि कोंडवाडा हीं सारीं एकाच बोर्डाच्या गांठोड्यांत बांधलीं गेलीं. मतदारानें मत दिलें तें या साऱ्या गांठोड्याला. शाळेला वेगळें मत त्याला कधीं देतां आलें नाहीं.

वऱ्हाडची स्थिति त्यांतही निराळी होती. १८५३ च्या तहानें हा प्रांत इंग्रजांच्या कारभाराखालीं आला, तरी कागदोपत्रीं तो निजामाचाच राहिला. म्हणून इंग्रजी मुलखांतील कायदे येथें आपोआप लागू होत नसत. ते वेगळ्या हुकुमानें लागू करावे लागत किंवा वऱ्हाडापुरता निराळा कायदा करावा लागे. ग्रामीण बोर्डांसाठीं असा कायदा १८८५ सालीं झाला. १९०३ मध्यें वऱ्हाड मध्यप्रांताच्या चीफ कमिशनरांकडे गेला आणि १९०५ च्या फेरमांडणींत अकोला जिल्ह्यांतील खामगांव व जळगांव हे दोन तालुके बुलढाण्याला जोडण्यांत आले. चिखली, मेहकर आणि मलकापूर हे तालुके आधींचे; असा पांच तालुक्यांचा जिल्हा तयार झाला. घाटाखालीं पूर्णेच्या खोऱ्यांत काळी जमीन, कापूस आणि आगगाडी, तर घाटावर पैनगंगेच्या बाजूला डोंगराळ मुलूख; पण या दोन्ही भागांच्या शाळांचा कारभार एकाच जिल्हा-बोर्डाकडे आला.

माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांनंतर शिक्षण-खातें प्रांतिक मंत्र्यांकडे आलें. त्याच्या उंबरठ्यावर, १९२० सालीं, मध्यप्रांतांत दोन कायदे झाले: एक स्थानिक स्वराज्याचा आणि दुसरा प्राथमिक शिक्षणाचा. पुढें वऱ्हाडचा कारभारही याच कायद्यांनीं चालला. शिक्षणाच्या कायद्यानें स्थानिक संस्थेला आपल्या हद्दींत शिक्षण सक्तीचें करण्याची मुभा दिली. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं १९११ मध्यें मांडलेलें सक्तीच्या शिक्षणाचें बिल पुढच्याच वर्षीं वरिष्ठ कायदे-कौन्सिलांत ३८ विरुद्ध १३ मतांनीं फेटाळलें गेलें होतें. त्यांतील कल्पना प्रांतिक कायद्यांच्या रूपानें आठ-दहा वर्षांनीं परत आली. पण सक्ती करावयाची कीं नाहीं, हें स्थानिक संस्थेच्या मर्जीवर व ऐपतीवर राहिलें.

या व्यवस्थेंत मताला किती पायऱ्या चढाव्या लागत हें पाहण्यासारखें आहे. मतदार तालुक्याच्या लोकल बोर्डाचे सभासद निवडीत. लोकल बोर्ड आपले प्रतिनिधि डिस्ट्रिक्ट कौन्सिलवर पाठवी. शाळांचें अंदाजपत्रक मंजूर होई तें या कौन्सिलांत. मतदार तरी कोण? जमीन, महसूल, कर अशा पात्रतेंत बसणारे. समजा, मेहकर तालुक्यांतील एखाद्या सालदाराला आपल्या मुलाच्या शाळेचें गळकें छप्पर दुरुस्त व्हावेंसें वाटलें. त्याला स्वतःला मत नाहीं. ज्या खातेदाराकडे तो राबतो, त्याला मत आहे. पण त्याचें मत लोकल बोर्डापर्यंतच पोंचतें. लोकल बोर्डानें निवडलेला सभासद घाट ओलांडून आलेल्या सभासदांबरोबर बसून रस्ता आधीं कीं शाळा आधीं हें ठरवितो. छप्पर आणि त्या छपराखालीं बसणाऱ्या मुलाचा बाप यांच्यामध्यें इतकीं माणसें उभीं होतीं.

मलकापुराहून आगगाडीनें पश्चिमेकडे निघालें कीं थोड्याच वेळांत मुंबई इलाख्याचा पूर्व खानदेश लागे. तेथें व्यवस्था वेगळी होती. रँग्लर र. पु. परांजपे शिक्षणमंत्री असतांना झालेल्या १९२३ च्या कायद्यानें मुंबई इलाख्यांत जिल्हा स्कूल बोर्डें आलीं. म्हणजे भाषा तीच, पीक तेंच. पण सरहद्दीच्या अलीकडे शाळा सर्वसाधारण कौन्सिलाकडे आणि पलीकडे शाळेसाठीं वेगळें मंडळ. तथापि तें मंडळही मतदारांनीं थेट निवडलेलें नव्हतें. लोकल बोर्डाचे सभासद तें निवडीत. १९३८ च्या दुरुस्तीनंतर तेथील प्रशासन-अधिकारी सरकारी नोकर झाले आणि मंडळाच्या हातांतील कारभार पुष्कळसा सैल झाला. इंग्लंडांत तर मूळची शाळा-मंडळें १९०२ च्या कायद्यानेंच मोडीत निघून शिक्षण काउंटी-कौन्सिलांकडे गेलें होतें. अमेरिकेंत मात्र बहुतेक जिल्ह्यांत शाळा-मंडळ मतदारांनीं थेट निवडण्याची रीत पुढेंही टिकून राहिली.

मध्यप्रांत-वऱ्हाडांत १९३७ नंतर पंडित रविशंकर शुक्ल यांनीं विद्यामंदिर-योजना पुढें आणली. दान मिळालेल्या जमिनीच्या उत्पन्नावर गांवची शाळा चालवावी, म्हणजे बोर्डाच्या तिजोरीकडे पाहावें लागणार नाहीं, ही त्या योजनेंतील कल्पना. १९३९ मध्यें काँग्रेस मंत्रिमंडळानें राजीनामा दिल्यावर ती मागें पडली. स्वातंत्र्यानंतर १९४८ सालीं द्वारकाप्रसाद मिश्र यांच्या पुढाकारानें जनपद-सभांचा कायदा झाला. डिस्ट्रिक्ट कौन्सिलें गेलीं आणि तालुका हा कारभाराचा पाया ठरला. शाळेचा निर्णय बुलढाण्याहून उठून तालुक्याच्या गांवीं आला. अंतर कमी झालें, ही मोठीच गोष्ट. पण तालुक्याच्या तुटपुंज्या उत्पन्नांत शाळांचा वाढता खर्च भागणें कठीण होतें.

१९५१-५२ च्या पहिल्या सार्वत्रिक निवडणुकींत प्रत्येक प्रौढ स्त्री-पुरुषाला मत मिळालें. त्या निवडणुकींत प्रत्येक उमेदवाराची पेटी वेगळी ठेवून तिच्यावर त्याचें चिन्ह लावलेलें असे. मतदारानें आपली मतपत्रिका हव्या त्या पेटींत टाकावयाची. ज्यांच्यापर्यंत शाळा कधीं पोंचलीच नव्हती, त्यांना मत देतां यावें म्हणून ही युक्ति काढावी लागली. त्या पेट्यांवरचीं चित्रें म्हणजे आधींच्या साऱ्या बोर्डांच्या आणि कौन्सिलांच्या शिक्षण-कारभाराचा एक मुका ताळेबंदच होता.

१९५६ च्या १ नोव्हेंबरला विदर्भ मुंबई राज्यांत आला, १९६० मध्यें महाराष्ट्र झाला, आणि वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून केलेल्या १९६१ च्या कायद्यानुसार १ मे १९६२ रोजीं जिल्हा परिषदा सुरू झाल्या. जनपद-सभा संपल्या. खानदेशांतलें स्कूल बोर्ड आणि वऱ्हाडांतली जनपद-सभा या दोहोंच्या जागीं एकच व्यवस्था आली. बुलढाण्याच्या ग्रामीण भागांतील प्राथमिक शाळा तेव्हांपासून जिल्हा परिषदेच्या झाल्या. पांच तालुक्यांचे पुढें तेरा तालुके झाले, पण लोकांच्या तोंडीं ‘झेडपीची शाळा’ हें नांव कायम झालें.

या व्यवस्थेंत शाळेपर्यंत मत पोंचतें तें असें. मतदार जिल्हा परिषदेच्या निवडणुकींत दोन मतें देतो: एक आपल्या गटांतून परिषदेवर जाणाऱ्या सभासदासाठीं आणि दुसरें आपल्या गणांतून पंचायत समितीवर जाणाऱ्या सभासदासाठीं. परिषदेचे सभासद आपल्यांतून विषय-समित्या निवडतात; त्यांतली एक शिक्षण-समिति. तिचा सभापति सभासदांच्या मतांनीं ठरतो आणि शिक्षणाधिकारी तिचा सचिव असतो. १९९२ च्या घटना-दुरुस्तीनें स्त्रियांसाठीं एक-तृतीयांश जागा राखल्या गेल्या आणि २०११ मध्यें महाराष्ट्रानें त्या निम्म्या केल्या. सालदाराच्या घरांतील स्त्रीला मत तर आलेंच, सभागृहांतील खुर्चीही तिच्यासाठीं मोकळी झाली. पायऱ्या कमी झाल्या, मतदार सगळे झाले. तरीही गांठोडें तेंच राहिलें. रस्ता, पाणी, दवाखाना आणि शाळा यांना मिळून एकच मत. त्यांत शिक्षकांच्या पगाराचा पैसा राज्याच्या तिजोरींतून येऊं लागल्यामुळें परिषदेच्या हातीं निर्णयापेक्षां अंमलबजावणीच अधिक राहिली.

शाळेसाठीं वेगळी निवड, ही १८७० ची कल्पना येथें आली ती सुमारें एकशें चाळीस वर्षांनीं आणि फार लहान रूपांत. मुलांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९ चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलांत आला. त्यानें सरकारी व अनुदानित शाळांना शाळा-व्यवस्थापन-समिति नेमण्यास सांगितलें. तिचे तीन-चतुर्थांश सभासद पालक असावे, निम्म्या स्त्रिया असाव्या आणि दुर्बल घटकांतील मुलांच्या आई-बापांना त्यांच्या प्रमाणांत स्थान असावें, असा नियम आहे. महाराष्ट्रांत ही निवड पालकांच्या सभेंत होते. पेटी नाहीं, चिन्ह नाहीं. शाळेच्या व्हरांड्यांत सतरंजीवर बसलेले आई-बाप आपल्यांतलीं माणसें ठरवितात. त्या समितीनें शाळेच्या कामावर लक्ष ठेवावयाचें, विकास-आराखडा करावयाचा आणि अनुदानाचा विनियोग नीट होतो कीं नाहीं हें पाहावयाचें. इंग्लंडच्या मंडळाप्रमाणें कर मागण्याचा अधिकार मात्र तिला नाहीं. आराखडा ती करते. पैसा मंजूर होतो तो दुसरीकडे.

२०१७ मध्यें निवडून आलेल्या बुलढाणा जिल्हा परिषदेची मुदत २०२२ च्या मार्चमध्यें संपली. वेळेवर निवडणूक झाली नाहीं आणि कारभार प्रशासकाकडे गेला. शाळांचीं दारें उघडत राहिलीं, घंटा वाजत राहिली, पगारही होत राहिले. मतदारानें निवडलेला शिक्षण-सभापति मात्र नव्हता. त्या दिवसांत जिल्ह्यांतील हजारों मुलांच्या शाळेशीं मताच्या धाग्यानें बांधलेलें जें कांहीं उरलें होतें, तें व्हरांड्यांतल्या त्या सतरंजीवर बसणाऱ्या पालकांच्या सभेंत. मेहकरच्या सालदाराला १९२० सालीं आपल्या मुलाच्या शाळेच्या छपराबद्दल कोणापुढें बोलावें हें ठाऊक नव्हतें. त्याच्या पणतीच्या आईला तें ठाऊक आहे. छप्पर गळतें हें ती ठरावांत लिहून घेऊं शकते. त्या ठरावाला पैशाचें उत्तर कोणी द्यावयाचें, हा १८८२ सालीं जोतीरावांनीं विचारलेला प्रश्न मात्र त्या सतरंजीवर अजून तसाच बसलेला आहे.