शिक्का, मोर्तब आणि जोडपत्र

वडनेर भोलजी असो की दुसरे कोणते गाव, ग्रामपंचायतीत ठराव पक्का झाला की आपण म्हणतो, ‘शिक्कामोर्तब झाले!’ या शब्दात जुन्या काळचे एक शहाणपण आहे.

आपल्याच बुलढाणा जिल्ह्यातील सिंदखेडराजा हे जिजाऊंचे जन्मगाव. त्यांच्या पुत्राची, शिवाजी महाराजांची पत्रे पाहा. माथ्यावर मुद्रा, पत्र कोणाचे ते त्यावरून कळे. मजकूर संपला की ‘मर्यादेयं विराजते’ असे मोर्तब. म्हणजे पत्र येथे संपले. यापुढे कोणी ओळ घुसडली तर ती आमची नव्हे. लांब पत्राला कागदाचे बंद चिकटवीत, त्या जोडांवरही शिक्का उमटवीत. दगा जोडापाशी होतो, हे त्या कारकुनांस ठाऊक होते.

आता ईमेलकडे येऊ. १९९२ साली ईमेलला चित्र, आवाज, कागदपत्र जोडण्याची सर्वमान्य रीत ठरली. जोड आला, पण त्यावर मोर्तब काही आले नाही. ४ मे २००० रोजी फिलिपिन्समधून एक ‘प्रेमपत्र’ निघाले. त्याला जोडलेली फाईल साध्या मजकुराची वाटे, कारण नावाची शेवटची अक्षरे संगणक लपवून ठेवी. प्रत्यक्षात तो होता घातक प्रोग्राम. उघडताच तो फायली बिघडवी आणि पत्त्यांच्या यादीतील सर्वांना स्वतःची प्रत धाडी. त्यामुळे पत्र येई ते ओळखीच्याच नावाने! लक्षावधी संगणक त्यात सापडले.

ब्राउझरमध्येच पत्र वाचायचे, त्याला वेबमेल म्हणतात. तेथेही सावध राहावे लागते. २०२३ साली ‘राउंडक्यूब’ या वेबमेलमध्ये एक उणीव सापडली. मुद्दाम रचलेले पत्र नुसते उघडले, तरी वाचणाऱ्याच्या पेटीतील पत्रे चोराकडे जाऊ शकत. जोडपत्राला हात लावण्याचीही गरज नव्हती. अशा उणिवांवर दुरुस्ती निघते. वेबमेल चालवणाऱ्यांनी ती लगेच बसवली पाहिजे.

आणि आपण काय करावे? शिष्यवृत्तीच्या याद्या, मुलांचे दाखले, बँकेचे आकडे याच पेटीत असतात. न मागितलेले जोडपत्र आले, तर पाठवणाऱ्यास फोन करून विचारा. ईमेलनेच विचारू नका; त्याची पेटी दुसऱ्याच्या ताब्यात असली, तर उत्तरही तोच देईल. ‘मॅक्रो चालू करा’ असे फाईल सांगू लागली, तर ती बंद करा.

गुरुजी, उद्या फळ्यावर दोन शेपट्यांचे एक फाईलनाव लिहा, आणि मुलांना विचारा, ‘यातले खरे शेपूट कोणते?’