वाहतूक चुकीच्या जाळ्यावर गेली तेव्हा

ॲमेझॉनच्या क्लाउडमधली ईबीएस सेवा म्हणजे असंख्य कंपन्यांच्या डेटाबेसखालची डिस्क. तिथल्या प्रत्येक व्हॉल्यूमच्या, म्हणजे आभासी डिस्कच्या, प्रती वेगवेगळ्या सर्व्हरवर असतात आणि नेटवर्कवरूनच त्यांचा मेळ राखला जातो. त्यामुळे नेटवर्क तुंबलं की डिस्कही अडते. एप्रिल २०११ मध्ये उत्तर व्हर्जिनियात नेमकं हेच झालं. खालच्या वेळा अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्याच्या आहेत.

२१ एप्रिल, रात्री १२.४७
तिथल्या एका झोनमध्ये, म्हणजे डेटा सेंटरांच्या एका स्वतंत्र गटात, मुख्य नेटवर्कची क्षमता वाढवण्याचं काम चालू होतं. एका राउटरवरची वाहतूक मुख्य नेटवर्कच्याच दुसऱ्या राउटरवर वळवायची होती. ती गेली कमी क्षमतेच्या दुय्यम नेटवर्कवर. एवढा लोंढा त्याला झेपला नाही आणि अनेक सर्व्हर एकमेकांपासून तुटले.

त्यानंतर
चूक सुधारली, नेटवर्क पूर्ववत झालं. खरा घात मात्र इथून पुढे झाला. आपली दुसरी प्रत हरवली आहे असं असंख्य सर्व्हरना एकदमच वाटलं आणि नव्या प्रतीसाठी सगळे मोकळी जागा शोधू लागले. जागा संपली, तरी शोध थांबेना. नवी प्रत होईपर्यंत व्हॉल्यूमवरचं वाचन-लेखन बंद राहतं. झोनमधल्या १३ टक्के व्हॉल्यूम अशा अडकल्या.

पहाटे २.४०
नव्या व्हॉल्यूमच्या विनंत्या रांगेत तुंबल्या होत्या. या विनंत्या हाताळणारी यंत्रणा, म्हणजे कंट्रोल प्लेन, सगळ्या झोनना सामाईक, त्यामुळे धडधाकट झोनचीही कामं रखडली. इंजिनिअरांनी बाधित झोनमध्ये नवी व्हॉल्यूम बनवणंच बंद केलं. २.५० पर्यंत बाकीचा कारभार सुरळीत झाला.

पहाटे ५.३०
विनंत्या फसण्याचं प्रमाण पुन्हा वाढलं. शोधाच्या गर्दीत सॉफ्टवेअरमधला एक दडलेला दोष उघडा पडला होता. त्याने सर्व्हर बंद पडत, आणि प्रत्येक बंद सर्व्हरमागे आणखी व्हॉल्यूम नव्या जागेच्या शोधात निघत.

सकाळी ८.२०
बाधित झोनचा कंट्रोल प्लेनशी संपर्क तोडायला सुरुवात झाली.

सकाळी ११.३०
सर्व्हरांची निष्फळ शोधाशोध थांबवण्याचा उपाय सापडला. लागण थांबली, पण अडकलेल्या व्हॉल्यूम तशाच राहिल्या. रेडिट, क्वोरा, फोरस्क्वेअर यांना एव्हाना फटका बसला होता.

२२ एप्रिल, पहाटे २
इतर ठिकाणांहून सर्व्हर आणून नवी जागा जोडायला सुरुवात झाली. दुपारी १२.३० पर्यंत २.२ टक्के व्हॉल्यूम सोडून बाकी सगळ्या सुरू झाल्या.

२४ एप्रिल
शेवटी हिशेब लागला: झोनमधल्या ०.०७ टक्के व्हॉल्यूम धड अवस्थेत परत मिळाल्याच नाहीत. कुणाचा तरी डेटा कायमचा गेला.

रोजच्या दिवशी दुय्यम जाळं पुरेसं होतं, म्हणूनच त्याच्या रुंदीचा प्रश्न कुणाला पडला नसावा. बहुसर्व्हर यंत्रणा उभारणाऱ्या प्रत्येकाने इथे थांबून विचार करायला हवा. बिघाडानंतरची दुरुस्तीही त्याच नेटवर्कवरून होते, आणि ती रोजच्या कामापेक्षा भारी पडू शकते. पर्यायी मार्गाची बँडविड्थ ठरवताना हा भार धरलाच पाहिजे, आणि फसलेला शोध पुन्हा करण्याआधी सर्व्हरने थांबलं पाहिजे. ही दोन पथ्यं ग्राहकाचा डेटा वाचवतात.