शिसे आणि गळ यांच्यामधली दोरी : मिशिगन सरोवराची गोष्ट

उत्तर अमेरिकेतील मिशिगन सरोवरावर उन्हाळ्याच्या पहाटे होडी काढणाऱ्या हौशी मासेमारापुढे दोन प्रश्न असतात. आमिष खोल कशाने न्यायचे? आणि खोल नेणाऱ्या त्या वस्तूपासून गळापर्यंत दोरी किती ठेवायची? दोरीच्या या शेवटच्या तुकड्याला तिकडे ‘लीडर’ म्हणतात. प्रश्न किरकोळ वाटतात. परंतु या सरोवरात काय मेले आणि बाहेरून काय आणून सोडले गेले, यावरून त्यांची उत्तरे ठरत आली आहेत. आजचा धागा त्या उत्तरांविषयी.

आधी पाण्याविषयी. मिशिगन सरोवर सर्वांत खोल ठिकाणी २८१ मीटर आहे. उन्हाळ्यात त्याचा वरचा थर तापतो आणि त्याखाली थोड्याच अंतरात तापमान झपाट्याने उतरते. ट्राऊट आणि सॅल्मन हे थंड पाण्याचे मासे या सीमेच्या आसपास किंवा तिच्याही खाली राहतात. चालत्या होडीमागे आमिष ओढत नेण्याला ‘ट्रोलिंग’ म्हणतात. दोरीला शिसे बांधले की ती बुडते, हे कोकणात गरवायला बसणाऱ्या कुणालाही सांगावे लागत नाही. पण होडी चालू लागली की पाण्याच्या रेट्याने तेच शिसे मागे आणि वर येऊ लागते. ट्रोलिंगची सारी विद्या या रेट्याशी झगडण्याची आहे.

एकोणिसाव्या शतकाचे उत्तर होते तांब्याची जड तार, नाहीतर भरपूर शिसे. न्यूयॉर्क राज्यातील सेथ ग्रीन (१८१७–१८८८) हा मत्स्यपैदाशीच्या इतिहासातील मोठा माणूस. १८६४ साली त्याने कॅलेडोनिया येथे मत्स्यबीज केंद्र सुरू केले आणि १८७१ साली हडसन नदीतील शॅड माशांची पिल्ले खंड ओलांडून कॅलिफोर्नियातील सॅक्रामेंटो नदीत नेऊन सोडली. त्याच्या नावाने ओळखली जाणारी मांडणी अशी : एका मुख्य दोरीच्या टोकाला वजन आणि त्या दोरीवर ठरावीक अंतरावर अनेक लांब लीडर. त्यामुळे एकाच वेळी अनेक खोल्यांवर आमिष फिरते. लेक ट्राऊट कोणत्या थरात आहे हे कळण्याचे साधन नव्हते, म्हणून सगळे थर एकदम चाळायचे.

पुढे ट्राऊटच संपला. नायगारा धबधब्याला वळसा घालणारा वेलँड कालवा १८२९ साली खुला झाला होता. त्या वाटेने समुद्री लॅम्प्रे हा माशांचे रक्त शोषणारा परजीवी वरच्या सरोवरांत शिरला. तो १९२१ साली एरी सरोवरात आणि १९३६ साली मिशिगन सरोवरात आढळला. त्यात माणसांची बेसुमार मासेमारी चालूच होती. १९५० च्या दशकाच्या मध्यापर्यंत मिशिगन सरोवरातून लेक ट्राऊट नाहीसा झाला. मोठा भक्षक गेल्यामुळे एलवाइफ हा दुसरा उपरा, लहानसा मासा बेफाम वाढला. १९६७ च्या उन्हाळ्यात मेलेल्या एलवाइफचे ढीग शिकागोपर्यंतच्या किनाऱ्यांवर कुजत पडले.

तोपर्यंत मिशिगन राज्याच्या मत्स्यविभागाचे प्रमुख हॉवर्ड टॅनर यांनी एक धाडसी पाऊल उचलले होते. ओरेगनहून आणलेल्या अंड्यांतून वाढवलेली कोहो सॅल्मनची पिल्ले १९६६ च्या वसंतात प्लॅट नदीत सोडण्यात आली. पुढच्या वर्षी चिनुक सॅल्मन आला. एलवाइफ खाऊन कोहो भराभर पोसला. १९६७ च्या शरदात हे मासे नदीच्या मुखाशी, उथळ पाण्यात गोळा झाले, तेव्हा हजारो लोक मिळेल त्या लहान होड्या घेऊन धावले. खोल पाण्याची कोणतीही साधने तेव्हा लागतच नव्हती. २३ सप्टेंबरला वादळाचा इशारा असूनही होड्या प्लॅट उपसागरात उतरल्या. त्या दिवशी सात जण बुडून मेले.

शरदात दाराशी येणारा हा मासा जुलैमध्ये मात्र किनाऱ्यापासून दूर, वीस-तीस मीटर खोल असतो. म्हणून ‘डाउनरिगर’चा प्रसार झाला : पोलादी तारेवर पाच-सहा किलोंचा शिशाचा गोळा आणि दोरी त्याला चिमट्याने अडकवलेली. मासा लागला की चिमटा सुटतो आणि वजनाशिवाय मासा ओढता येतो. पण होडीच्या मागच्या बाजूला असे गोळे किती लावणार? तिथे बुडी मारणारी तबकडी उपयोगी पडली. तिच्या तळाची वजनदार चकती फिरवली की ती सरळ खाली न जाता डावीकडे किंवा उजवीकडे सरकत उतरते. जितकी बाजूला, तितकी खोली कमी.

या तबकडीमागचा लीडर साधारण सहा ते आठ फुटांचा असतो, आणि त्याचे कारण सॅल्मनच्या स्वभावात नाही. तबकडी काठीच्या टोकातून आत ओढता येत नाही. ती टोकाशी अडली, की उरलेल्या लीडरच्या अंतरावरून मासा जाळीत घ्यावा लागतो. लीडर काठीपेक्षा फार लांब असला तर मासा जाळीच्या टप्प्यातच येत नाही.

आमिषाचा हिशेब वेगळा. डुलणाऱ्या चकचकीत पत्र्यामागे पिसांची माशी लावली, तर लीडर दीड-दोन फुटांचा आणि जाड तंगुसाचा हवा. माशीला स्वतःची हालचाल नसते. पत्र्याचे हिसके तिच्यापर्यंत पोचले तरच ती जिवंत भासते. चमचा-आमिष स्वतः डुलते, म्हणून त्याला चार-सहा फूट मोकळीक द्यावी लागते.

१९८८ साली सेंट क्लेअर सरोवरात झेब्रा शिंपला सापडला. मागोमाग क्वागा शिंपला आला. पाणी गाळून खाणाऱ्या या शिंपल्यांनी सरोवरे नितळ केली, आणि जाड दोरी किंवा जवळचे शिसे माशाला बुजवू लागले. दोऱ्या बारीक झाल्या आणि आमिष गोळ्यापासून आणखी मागे गेले. त्याच शिंपल्यांनी अन्नसाखळीचा पायाही खाल्ला. शेजारच्या ह्यूरन सरोवरात २००३–०४ च्या सुमारास एलवाइफ कोसळला आणि पाठोपाठ चिनुकही. टॅनर यांनी किनारे वाचवले खरे, पण सगळी मासेमारी एका उपऱ्या माशाच्या पोटावर उभी केली, हा आक्षेप त्यामुळे खोडता येत नाही.

ह्यूरनमध्ये त्यानंतर लेक ट्राऊटची नैसर्गिक पैदास पुन्हा वाढू लागली. हा मासा तळाशी राहतो. त्याच्यामागे जाणाऱ्या काही होड्यांवर तांब्याची तार आज पुन्हा रिळावर दिसते.