शेतातून अंगणात : अमेरिकी ग्रामीण भूखंड आणि बसून चालवायच्या गवतकापणी यंत्राची निवड

प्रास्ताविक

गवत कापणे म्हटले की मराठी वाचकाच्या डोळ्यांसमोर विळा, भारा आणि गोठा उभा राहतो. गवत कापायचे ते जनावरासाठी. ते कापून जागच्या जागी कुजत ठेवायचे आणि त्यासाठी बसून चालवायचे यंत्र विकत घ्यायचे, ही कल्पना आपल्या खेड्याला अजूनही चमत्कारिक वाटेल. ‘लॉन’ हा शब्द आपल्याकडे सर्वतोमुखी झाला तोही बव्हंशी शहरांच्या वेशीवरील मंगल कार्यालयांच्या पाट्यांवरून, आणि तोही ‘लॉन्स’ असा अनेकवचनी!

अमेरिकेच्या मध्य-पश्चिम भागात परिस्थिती निराळी आहे. गावाबाहेर दोन-तीन ते दहा एकर जमीन, मधोमध घर, आणि शेती मात्र नाही, अशा मालमत्तेला तेथे ‘एकरेज’ म्हणतात. असा भूखंड घेणाऱ्या कुटुंबापुढे पहिल्याच वसंत ऋतूत प्रश्न येतो तो ‘रायडिंग मोअर’ कोणते घ्यावे हा. विक्रेता अश्वशक्ती आणि कापणीची रुंदी सांगतो. परंतु बाजारात जे प्रकार शेजारी शेजारी मांडलेले असतात, ते वेगवेगळ्या काळांत आणि वेगवेगळ्या कामांसाठी निर्माण झाले. त्यांचे मूळ बागेपेक्षा शेतात अधिक आहे, असे प्रस्तुत निबंधाचे प्रतिपादन आहे. ते मूळ न पाहता केलेली निवड महाग पडते, आणि काही वेळा जिवावर बेतते.

यंत्राची दोन घराणी

बागेच्या यंत्राचा जन्म इंग्लंडमधला. ग्लॉस्टरशायरमधील स्ट्राउड परिसरात लोकरी कापड गिरण्यांचे काम करणाऱ्या एडविन बडिंगने १८३० मध्ये गवत कापण्याच्या यंत्राचे पेटंट घेतले. कापडावरील लव एकसारखी कातरणारे फिरते नळकांडे त्याने पाहिले होते, तेच त्याने गवतावर चालवले. पुढे १८४२ मध्ये स्कॉटलंडमधील आर्ब्रोथ येथील अलेक्झांडर शँक्सने तट्टाने ओढायचे मोठे यंत्र केले. हिरवळीवर टापा उमटू नयेत म्हणून अशा यंत्रांना जुंपलेल्या जनावरांना चामड्याचे बूट घालीत. इप्सविचच्या रॅन्सम्स कारखान्याने १९०२ मध्ये पेट्रोलवर चालणारे यंत्र विक्रीस आणले.

या घराण्याचे तत्त्व कात्रीचे होय. जमीन सपाट आणि गवत आखूड असेल, तर त्याच्याइतके सफाईदार काम दुसरे कोणतेही यंत्र करीत नाही. पण गवत गुडघ्यापर्यंत वाढले की ते नळकांड्यापुढे वाकते किंवा त्यात गुंतते. उंचसखल, दगडगोट्यांच्या, पूर्वी कुरण असलेल्या जमिनीवर हे यंत्र निरुपयोगी ठरते. म्हणून ग्रामीण भूखंडावर आडवे, वेगाने फिरणारे पाते सरस ठरले. ते गवत कातरीत नाही, आपल्या वेगाने तोडते.

बसून गवत कापण्याची सवय मात्र अमेरिकी शेतकऱ्याला बागेने लावलेली नाही. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो घोड्यांच्या जोडीमागे लोखंडी बैठकीवर बसून वैरण कापीत होता. १९१५ च्या सुमारास त्या देशातील शेतांवर सुमारे अडीच कोटी घोडे आणि खेचरे होती. त्यांच्या वैरणीसाठी अफाट जमीन राखून ठेवलेली असे. ट्रॅक्टर आला, घोडे गेले, आणि त्या जमिनीचे प्रयोजनच संपले. बरीच जमीन दुसऱ्या पिकांखाली आली. काही ठिकाणी मात्र गवत वाढत राहिले आणि ते खाणारे कोणी उरले नाही. आजच्या एकरेजच्या हिरवळीमागे हा रिकामा झालेला तबेला आहे, हे सहसा कोणी सांगत नाही.

ग्राहकामागून गेलेले कारखाने

१९३५ मध्ये अमेरिकेत सुमारे ६८ लाख शेते होती. १९७४ पर्यंत ही संख्या सुमारे २३ लाखांवर आली आणि २०२२ च्या कृषिगणनेत ती १९ लाख भरली. या घसरणीत सर्वांत आधी बुडाला तो लहान शेतकरी. त्याच्यासाठीच इंटरनॅशनल हार्वेस्टर कंपनीने १९४७ मध्ये ‘फार्मऑल कब’ हा छोटा ट्रॅक्टर काढला होता. लुईव्हिल येथे तो तयार होई. एका तपानंतर त्या ट्रॅक्टरचा गिऱ्हाईक झपाट्याने कमी होत चालला होता. १९६१ मध्ये त्याच कारखान्यातून सात अश्वशक्तीचा ‘कब कॅडेट’ बाहेर पडला. त्याच्या नावातच नव्हे, तर गिअरपेटीतही जुन्या ट्रॅक्टरचा वारसा होता. १९६३ मध्ये जॉन डिअर कंपनीने विस्कॉन्सिनमधील होरिकॉन येथून ‘११०’ हे प्रतिरूप आणले. नांगर विकणाऱ्या या कंपन्या आता शेत सोडलेल्या किंवा नव्याने गावाबाहेर आलेल्या माणसाला अंगणासाठी ट्रॅक्टर विकू लागल्या.

१९७० च्या दशकात अमेरिकेतील ग्रामीण जिल्ह्यांची लोकसंख्या महानगरांपेक्षा अधिक वेगाने वाढत असल्याचे कृषी खात्यातील लोकसंख्यातज्ज्ञ कॅल्विन बील यांनी दाखवून दिले. खेड्यात माणसे परतली, पण ती शेतकरी म्हणून नव्हे. पुढची गोष्ट अधिक बोलकी आहे. आर्थिक अडचणीत आलेल्या इंटरनॅशनल हार्वेस्टरने १९८१ मध्ये कब कॅडेटचा व्यवसाय एमटीडी कंपनीला विकला, आणि १९८५ मध्ये तिचा शेतीयंत्रांचा विभागही टेनेकोकडे जाऊन केस कंपनीत विलीन झाला. मूळ कंपनीच्या हातून शेतीचा धंदा गेला. अंगणासाठी काढलेले नाव मात्र आजही दुकानात आहे.

तिसरा प्रकार, जागच्या जागी वळणारा ‘झिरो टर्न’, हाही शेतातलाच. कॅन्ससमधील हेस्टन येथे १९६३ मध्ये जॉन रेगियर यांनी त्याचा नमुना बनवला आणि त्यासाठी लागणारी पट्ट्यांची रचना उभे पीक कापून ओळीने टाकणाऱ्या यंत्रावरून घेतली. पुढच्याच वर्षी त्याचे हक्क एक्सेल इंडस्ट्रीजकडे गेले आणि ‘हसलर’ हे नाव रूढ झाले. दोन दांडे, दोन चाकांना स्वतंत्र गती, आणि सुकाणूच नाही, हे त्याचे वैशिष्ट्य होय.

निवडीचे गणित

पाच एकरांचा भूखंड धरू. पायी चालवायचे ५३ सेंटिमीटर रुंदीचे यंत्र, ताशी साडेचार किलोमीटर वेगाने आणि वळणे व आच्छादित पट्टे यांसाठी वीस टक्के घट धरून, तासाला अर्धा एकरही कापत नाही. म्हणजे दहा तासांहून अधिक पायपीट. १०७ सेंटिमीटर रुंदीचा साधा लॉन ट्रॅक्टर ताशी आठ किलोमीटर वेगाने तेच काम तीन तासांत करतो. १३७ सेंटिमीटरचा झिरो टर्न ताशी अकरा किलोमीटरने गेला तर पावणेदोन तासांच्या आत काम संपते. म्हणजे पायी यंत्राकडून ट्रॅक्टरकडे जाताना सात-आठ तास वाचतात, ट्रॅक्टरकडून झिरो टर्नकडे जाताना जेमतेम सव्वा तास. दुसऱ्या टप्प्यासाठी मोजावी लागणारी किंमत मात्र बहुधा भारी असते. शिवाय हा वेग सपाट जमिनीवरचा आहे. जुन्या कुरणातील खड्ड्यांवरून चालवणाऱ्याची पाठच त्याला वेग कमी करायला लावते.

येथे लॉन ट्रॅक्टर आणि गार्डन ट्रॅक्टर यांतील भेद महत्त्वाचा ठरतो. दोन्ही दिसायला सारखे, रंगही तोच. परंतु पहिल्याचा सांगाडा आणि गती मागील चाकांना पोचवणारी पेटी केवळ गवत कापण्यापुरती असते. ती पेटी पुष्कळदा बंदिस्त असून तिची दुरुस्ती अवघड जाते. त्याच्यामागे नांगर किंवा मातीने भरलेली गाडी जोडली की ती अकाली झिजते. गार्डन ट्रॅक्टर हा फार्मऑल कबचा खरा वंशज. त्याचे वजन, जाड आस आणि मोठी चाके जमिनीत राबण्यासाठी असतात. ज्याला बर्फ ढकलायचा आहे, भाजीचा वाफा नांगरायचा आहे, त्याने अश्वशक्तीच्या आकड्यापेक्षा या पेटीची चौकशी आधी करावी. आकडा झाकणावर छापलेला असतो, पेटी झाकणाखाली असते.

उतार

माझ्या मते निवडीचा निर्णायक निकष उतार हाच होय. झिरो टर्नची पुढची चाके खुर्चीच्या चाकांसारखी मोकळी फिरतात. वळणे आणि थांबणे दोन्ही मागच्या चाकांवर अवलंबून असते. ओल्या उतारावर ती घसरली की चालकाच्या हातून दिशा आणि वेग एकाच वेळी निसटतात. ट्रॅक्टरची पुढची चाके निदान वळवता येतात. पण तोही आडवा चालवला तर उलटू शकतो, म्हणून तो उतारावर वर-खालीच चालवावा लागतो. उत्पादकांच्या पुस्तिकांत बहुधा १५ अंशांची मर्यादा असते, काहींत त्याहून कमी.

या बाबतीत कायद्याची वाटचाल विचार करायला लावणारी आहे. अमेरिकेच्या ग्राहक वस्तू सुरक्षा आयोगाचा १९८२ पासून लागू झालेला नियम असा की, दांडा सोडताच पाते तीन सेकंदांत थांबले पाहिजे. तो लागू आहे पायी चालवायच्या यंत्रांना. बसून चालवायची अधिक जड यंत्रे उद्योगाच्या ऐच्छिक मानकांवर सोडली गेली. शेतीच्या ट्रॅक्टरांबाबत १९७६ नंतरच्या उत्पादनांवर, मजुराने चालवायचा असल्यास, उलटताना चालकाचे रक्षण करणारी कमान सक्तीची झाली. आपल्याच अंगणात यंत्र चालवणारा मालक कोणाचा मजूर नसल्याने त्या नियमाच्या बाहेर राहिला. शेताने यंत्र दिले, शेतातला धडा मात्र त्याच्याबरोबर आला नाही. घेणाऱ्याने म्हणूनच कमान आहे की नाही हे स्वतःच पाहावे लागते. कमान असेल तर ती उभी करून पट्टा बांधावा. कमानच नसेल तर पट्ट्याने स्वतःला यंत्राशी जखडून घेणे घातक ठरते. मागे जाताना पाते आपोआप बंद करणारी सोय अनेकांना त्रासदायक वाटते आणि ती निकामी करण्याच्या युक्त्याही सांगितल्या जातात. ती सोय मागे खेळणाऱ्या लहान मुलांसाठी आहे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

कॅलिफोर्नियाने २०२१ मध्ये केलेल्या कायद्याच्या आधारे २०२४ पासूनच्या लहान पेट्रोल इंजिनांना उत्सर्जनाचे बंधन आले, आणि विजेरीवर चालणारी यंत्रे आता पर्याय म्हणून पुढे येत आहेत. तथापि पाच एकरांसाठी एका भारणात काम पुरे होईल का, हा हिशेब तेथेही चुकत नाही. तो हिशेब सुटण्याचा एक जुना मार्ग अजून शिल्लक आहे. घराभोवतीचा एक एकर आखूड ठेवायचा आणि उरलेले गवत वाढू देऊन वर्षातून एक-दोनदा शेजारच्या शेतकऱ्याला वैरणीसाठी कापून न्यायला सांगायचे. अनेक एकरेजधारक तसे करतात. त्यांना एक एकरापुरते लहान यंत्र पुरते, आणि बाकीचे गवत गोठ्यात जाते.