उंबरठ्यापासून कचरापेटीपर्यंत : मुंबईतील नगरस्वच्छतेच्या जबाबदारीचा इतिहास

रस्त्यावर कचरा टाकणाऱ्यास शासन व्हावे, ही कल्पना भारतीय नगरजीवनास नवी नाही. कौटिलीय अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात नागरकाची, म्हणजे नगराच्या मुख्य अधिकाऱ्याची, कर्तव्ये सांगताना रस्त्यावर केरमाती टाकणाऱ्यास एक अष्टमांश पण आणि चिखलपाणी साठवून वाट अडविणाऱ्यास पाव पण दंड सांगितला आहे. हाच अपराध राजमार्गावर घडल्यास दंड दुप्पट होतो. मनुस्मृतीचा नववा अध्याय याहून एक पाऊल पुढे जातो. आपत्प्रसंगावाचून राजमार्गावर घाण करणाऱ्याने दोन कार्षापण दंड द्यावा आणि ती घाण तत्काळ काढावी. आपद्ग्रस्त, वृद्ध, गर्भिणी अथवा बालक यांना दंड न करता समज द्यावी, जागा मात्र त्यांच्याकडून स्वच्छ करवून घ्यावी, असा तेथे नियम आहे. घाण करणारा आणि ती काढणारा एकच असावा, हे तत्त्व या वचनात निःसंदिग्धपणे मांडले गेले. परंतु त्याच स्मृतीच्या दहाव्या अध्यायात चांडाळादिकांचा वास गावाबाहेर सांगितला आहे, आणि प्रत्यक्ष समाजव्यवहाराने पहिल्या वचनापेक्षा दुसऱ्याचाच अवलंब केला. घाण करणे सर्वांचे आणि ती काढणे विशिष्ट जातींचे, अशी वाटणी रूढ झाली.

आधुनिक नगरपालिका स्थापन झाल्या तेव्हा ही वाटणी मोडली गेली काय, की तिला केवळ कायद्याचे आणि कराचे रूप मिळाले, हा प्रश्न नगरेतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मुंबई शहराचे उदाहरण या दृष्टीने विशेष बोधप्रद ठरते. कारण नगरशासनाचे बहुतेक सर्व प्रयोग या शहरात क्रमाने झाले आणि त्यांची नोंदही विपुल प्रमाणात उपलब्ध आहे.

मुंबईतील स्वच्छतेच्या कायदेशीर व्यवस्थेचा प्रारंभ १७९३ च्या सनदी कायद्यापासून धरता येतो. या कायद्याने इलाख्यांच्या राजधान्यांतील जस्टिस ऑफ द पीस या अधिकाऱ्यांना रस्त्यांच्या सफाईसाठी नोकर नेमण्याचा आणि त्या खर्चासाठी घरांवर पट्टी बसविण्याचा अधिकार दिला. १८४५ मध्ये मुंबईत या कामासाठी स्वतंत्र मंडळ नेमण्यात आले, १८५८ मध्ये त्याच्या जागी तीन कमिशनर आले, आणि १८६५ च्या कायद्याने जस्टिसांच्या मंडळास नगरसंस्थेचे स्वरूप देऊन सर्व कार्यकारी सत्ता एका म्युनिसिपल कमिशनरच्या हाती सोपविण्यात आली. सात दशकांत यंत्रणा वारंवार बदलली. तथापि नागरिकाने पैसे द्यावेत आणि सफाई दुसऱ्या कोणी करावी, हे तिचे मूळ सूत्र मात्र बदलले नाही.

१८६५ च्या सुमारास शहराची अवस्था बिकट झाली होती. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे कापसाच्या व्यापारास आलेल्या तेजीने बेटावर माणसांची रीघ लागली. १८६४ च्या गणतीत लोकसंख्या ८,१६,५६२ भरली. १८६० मध्ये विहारचे पाणी शहरात आले होते. परंतु सांडपाणी वाहून नेण्याची व्यवस्था त्या मानाने झालेली नव्हती. डॉ. लीथ यांनी १८६४ मध्ये मुंबई बेटाच्या आरोग्यस्थितीवर जो अहवाल दिला, त्याने या अनास्थेकडे सरकारचे लक्ष वेधले. पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांनी आरोग्याधिकाऱ्यांच्या साहाय्याने सफाईची मोहीम हाती घेतली आणि तिच्यावर सढळ हाताने खर्च केला. शहर पूर्वीपेक्षा स्वच्छ झाले, हे त्यांच्या टीकाकारांनाही नाकारता आले नाही. पण कराचा बोजा वाढताच १८७१ मध्ये करदात्यांनी मोठी चळवळ केली. क्रॉफर्ड यांना पद सोडावे लागले, आणि १८७२ च्या कायद्याने ६४ सभासदांची, अंशतः करदात्यांनी निवडलेली, म्युनिसिपल कॉर्पोरेशन अस्तित्वात आली. या शहरातील लोकनियुक्त नगरशासनाचा उगम अशा प्रकारे सफाईच्या खर्चाच्या वादाशी जोडलेला आहे. नागरिकाने करदाता या नात्याने हिशेब मागण्याचा हक्क मिळविला. घाण करणारा या नात्याने आपला वाटा कोणता, हा प्रश्न त्या चळवळीत गौणच राहिला.

त्या वाट्याचे उत्तर १८८८ च्या मुंबई म्युनिसिपल कायद्यात सापडते. फिरोजशहा मेहता आणि काशिनाथ त्र्यंबक तेलंग यांसारख्या नेत्यांचा या कायद्याच्या घडणीत मोठा वाटा होता. त्याच्या ६१ व्या कलमात केरकचरा व मैला उचलून त्याची विल्हेवाट लावणे हे कॉर्पोरेशनचे बंधनकारक कर्तव्य ठरविण्यात आले. याच कायद्याच्या ३६७ व्या कलमान्वये कचऱ्यासाठी पेट्या व जागा पुरविण्याची जबाबदारी कमिशनरवर आली. ३६८ व्या कलमाने मात्र घरमालक आणि रहिवासी यांच्यावर असे बंधन घातले की, आपल्या जागेतील धूळ, राख व केरकचरा गोळा करवून तो ठरलेल्या वेळी सार्वजनिक पेटीत टाकण्याची तजवीज त्यांनी करावी. म्हणजे घराच्या उंबरठ्यापासून कचरापेटीपर्यंतचा मार्ग नागरिकाचा आणि पेटीपासून पुढचा कॉर्पोरेशनचा, अशी सीमारेषा कायद्याने आखली होती. नागरी कर्तव्याच्या नावाने पुढे जे जे बोलले गेले, त्याचा गाभा या साध्या विभागणीत आहे.

परंतु याच कायद्यात तिला छेद देणाऱ्या तरतुदीही होत्या. मैला उचलण्याचे काम पूर्वी हलालखोर घरमालकांकडून परस्पर मोबदला घेऊन करीत. ज्याची कमाई धर्मसंमत, तो हलालखोर. शब्द गौरवाचा, स्थिती मात्र अत्यंत हीन. हे काम नगरसंस्थेने क्रमाने आपल्या हाती घेतले आणि त्यासाठी हलालखोर कर या नावाचा स्वतंत्र कर बसविला. जेथे कॉर्पोरेशनने हे काम पत्करले असेल तेथे परवानगीवाचून इतरांनी ते करू नये, असे ३७१ व्या कलमाने ठरविले. अशा रीतीने जातीने ठरलेले काम कराच्या पावतीत नोंदले गेले. कर दिला की कर्तव्य संपले, ही समजूत नागरिकांच्या मनात दृढ होण्यास यामुळे मोठीच मदत झाली.

या समजुतीला शहराच्या बांधणीनेही आकार दिला. दोन चाळींच्या मागच्या बाजूंमध्ये हलालखोराच्या ये-जा करण्यासाठी जी चिंचोळी वाट सोडीत, ती घरगल्ली. संडासांचा मैला याच वाटेने काढला जाई, म्हणजे तो काढणारा माणूस दर्शनी दाराने येत नसे व कोणाच्या नजरेस पडत नसे. या गल्लीवर उघडणाऱ्या खिडक्यांतून केर, खरकटे व सांडपाणी खाली टाकण्याची रीत पडली. ३६८ व्या कलमाने सांगितलेला मार्ग असा खिडकीपाशीच संपू लागला. मात्र याचा सर्व दोष भाडेकरूच्या माथी मारणे इतिहासास धरून होणार नाही. एका खोलीत सबंध कुटुंब, कित्येकदा त्याबरोबर पोटभाडेकरूही. केर साठविण्यास जागा नाही, पेटी दूर, आणि गिरणीचा भोंगा वेळेवर होणार! चाळ बांधणाऱ्या मालकाने भाडे वसूल केले, पण गल्लीची फरसबंदी व निचरा यांची हेळसांड केली. कायद्याने मालक आणि रहिवासी यांना एकत्र बांधले. व्यवहारात प्रत्येकाने दुसऱ्याकडे बोट दाखविले.

या व्यवस्थेची खरी कसोटी १८९६ मध्ये लागली. त्या वर्षीच्या सप्टेंबरात मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस यांनी ग्रंथिज्वराचे, म्हणजे प्लेगचे, निदान केले. प्लेग घाणीतून उत्पन्न होतो अशी तत्कालीन समजूत असल्याने गटारे धुऊन काढणे, कार्बोलिक द्रावण शिंपडणे आणि घरांना चुना फासणे यांवर भर देण्यात आला. उंदरांवरील पिसवांमुळे हा रोग पसरतो, असे पॉल-लुई सिमाँ यांनी १८९८ मध्ये मांडले आणि पुढे मुंबईत झालेल्या संशोधनाने त्यास पुष्टी मिळाली. त्यामुळे पहिल्या मोहिमेतील पुष्कळसे श्रम अनाठायी ठरले. मांडवी हे धान्याच्या वखारींचे केंद्र होते, हा तपशील अधिक महत्त्वाचा होता.

परंतु प्लेगने आणखी एक गोष्ट उघड केली. लाखो लोक शहर सोडून जात असता प्रशासनास सर्वांत मोठी धास्ती हलालखोर आणि बिगारी निघून जातील याची वाटत होती. ते गेले तर शहर राहण्यास अयोग्य होईल, ही चिंता म्युनिसिपल कमिशनर स्नो यांच्या अहवालात स्पष्ट दिसते, आणि रुग्णांना सक्तीने हलविण्याचे नियम पुढे सौम्य करण्यामागे हेही एक कारण होते. ज्यांना समाज दृष्टीआड ठेवीत होता त्यांच्यावाचून समाजाचे एक दिवसही चालत नव्हते. या अवलंबनातून त्यांच्याविषयी आदर उत्पन्न व्हावयास हवा होता. उत्पन्न झाली ती प्रामुख्याने त्यांना जखडून ठेवण्याची प्रवृत्ती. पूर्वसूचनेवाचून काम सोडणाऱ्या सफाईकामगारास शिक्षा सांगणाऱ्या तरतुदी हिंदुस्थानातील अनेक नगरपालिका कायद्यांत होत्या. इतर कोणत्याही नोकराचा संप हा करारभंग ठरे. झाडूवाल्याचा संप मात्र गुन्हा ठरे. या अन्यायावर डॉ. भीमराव आंबेडकर यांनी नेमके बोट ठेवले, आणि १९३० नंतरच्या दशकात मुंबईत म्युनिसिपल कामगार संघाच्या रूपाने या कामगारांची संघटना उभी केली.

प्लेगनंतर दोन दिशांनी प्रयत्न झाले. पहिली दिशा लोकशिक्षणाची. १९०४ मध्ये स्थापन झालेल्या बॉम्बे सॅनिटरी असोसिएशनने आरोग्याचे नियम लोकांपर्यंत नेण्याचे काम अंगावर घेतले. दुसरी दिशा कचरा शहरापासून दूर नेण्याची. पूर्वी सखल जमिनी भरून काढण्यासाठी केरकचरा वापरीत. पुढे १९०६ मध्ये कुर्ला ते चेंबूर हा लोहमार्ग कचरा वाहून नेण्यासाठी बांधण्यात आला. त्यावर उतारूंची वाहतूक सुरू झाली ती १९२४ मध्ये. १९२७ पासून देवनार येथे कचरा टाकला जाऊ लागला. कचरा जितका दूर गेला तितका तो नागरिकाच्या मनातूनही दूर गेला. तो नाहीसा मात्र झाला नव्हता. २०१६ च्या जानेवारीत देवनारच्या ढिगांना लागलेल्या आगीचा धूर शहरावर अनेक दिवस पसरला, तेव्हा जवळजवळ नव्वद वर्षे डोळ्यांआड केलेली वस्तू पुन्हा दारी आली.

स्वातंत्र्योत्तर काळात प्रश्नाचा रोख सफाई करणाऱ्याच्या स्थितीकडे वळला. मुंबई सरकारने १९४९ मध्ये नेमलेल्या बर्वे समितीने १९५२ च्या अहवालात डोक्यावरून मैला वाहण्याची प्रथा बंद करण्याची शिफारस केली. कोकणात अप्पासाहेब पटवर्धन यांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात, कोणासही दुसऱ्याचा मैला हाताळावा लागू नये, अशा संडासाचे प्रयोग केले. गाडगे महाराजांनी कीर्तनाआधी हाती खराटा घेऊन गाव झाडण्याचा परिपाठ घालून दिला. त्यांच्या नावाने महाराष्ट्र शासनाने २००० मध्ये ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले. हाताने मैला साफ करण्याच्या प्रथेस प्रतिबंध करणारे केंद्रीय कायदे १९९३ व २०१३ मध्ये झाले. मुंबईत कंत्राटदारांमार्फत कचरा उचलणाऱ्या २,७०० कामगारांना महानगरपालिकेचे कायम कामगार मानावे, हा निर्णय सर्वोच्च न्यायालयात कायम होण्यास २०१७ साल उजाडावे लागले.

नागरिकाच्या वाट्याचा प्रश्न पुन्हा ऐरणीवर आला तो १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात दाखल झालेल्या अलमित्रा पटेल यांच्या याचिकेमुळे. त्यानंतर घनकचऱ्याविषयी देशव्यापी नियम २००० मध्ये झाले आणि २०१६ मध्ये त्यांची नव्याने रचना झाली. ओला, सुका आणि घरगुती घातक अशा तीन प्रकारांत कचरा घरातच वेगळा करण्याचे कर्तव्य २०१६ च्या नियमांनी कचरा निर्माण करणाऱ्यावर टाकले. याच काळात पुण्यात कागद, काच, पत्रा वेचणाऱ्यांची संघटना १९९३ मध्ये उभी राहिली, आणि तिच्यातून निर्माण झालेल्या ‘स्वच्छ’ या सहकारी संस्थेच्या सभासद, बहुसंख्य स्त्रिया, महानगरपालिकेशी झालेल्या करारानुसार दारोदार कचरा गोळा करू लागल्या. घरगल्लीच्या काळाशी तुलना करता येथे एक मौलिक फरक दिसतो. कचरा देणारा आणि घेणारी दर्शनी दारात समोरासमोर येतात. वेगळा न केलेला कचरा कोणाच्या हाताला लागणार आहे, हे देणाऱ्यास ठाऊक असते.

या सर्व इतिहासावरून असे दिसते की, मुंबईच्या नागरिकास त्याचे कर्तव्य कायद्याने सांगितले नव्हते असे नाही. १८८८ पासून ते लिखित स्वरूपात उपलब्ध होते. ते आचरणात आले नाही याचे कारण केवळ लोकांच्या सवयींत शोधणे पुरेसे नाही. करामुळे ते विकत घेता येते असे वाटले, जातीमुळे ते दुसऱ्याचे आहे असे वाटले, आणि घरगल्ली व दूरचे उकिरडे यांमुळे त्याचा परिणाम दृष्टीस पडेनासा झाला. यांपैकी पहिला समज कर घेणाऱ्या संस्थेस दूर करता येईल, तिसरा नगररचनेने. दुसरा मात्र उंबरठ्याच्या आतच नाहीसा व्हावा लागतो. उंबरठा आणि कचरापेटी यांमधील अंतर काही पावलांचेच असते. परंतु त्या पावलांची जबाबदारी कोणाची, याचा निवाडा समाजाने अजून पुरता केलेला नाही.