कॅसेट चालते, पण दूरदर्शन दिसत नाही : वऱ्हाडातील व्हीसीआरची गोष्ट

कॅसेट लावली की चित्र स्वच्छ. त्याच व्हीसीआरवर दूरदर्शन लावले की पडद्यावर नुसत्या मुंग्या. १९८०च्या दशकात अमरावती-अकोल्याकडे ही तक्रार अपरिचित नव्हती. यंत्र बिघडले, हा निष्कर्ष मात्र बहुधा घाईचा ठरे. दोष कधी तारेत असे, कधी जुळणीत आणि कधी थेट आकाशात. ते आकाश वऱ्हाडाच्या वाट्याला फार उशिरा आले, हा या धाग्याचा विषय.

मुंबई दूरदर्शन सुरू झाले २ ऑक्टोबर १९७२ रोजी. पुढच्याच वर्षी सिंहगडावरील प्रक्षेपकामुळे पुणे त्याला जोडले गेले. ‘गजरा’ आणि ‘चिमणराव’ यांची चर्चा मुंबई-पुण्यात घरोघर होत असताना, मुंबईपासून साडेपाचशे किलोमीटरहून दूर असलेल्या अकोल्यात ती केवळ वर्तमानपत्रांतून आणि पाहुण्यांच्या तोंडून पोचत होती.

याचे कारण भौतिकशास्त्रात आहे. दूरचित्रवाणीच्या लहरी जवळजवळ सरळ रेषेत जातात. शंभर मीटर उंचीच्या मनोऱ्याचे रेडिओ-क्षितिज सुमारे ४१ किलोमीटरवर संपते. गच्चीवरचा अँटेना उंच केला तर त्यात आणखी दहा-पंधरा किलोमीटरांची भर पडते. नागपूर ते अमरावती हे अंतर सुमारे दीडशे किलोमीटर. वातावरणाची विशिष्ट स्थिती असली की एखाद्या रात्री दूरच्या केंद्राचे चित्र अचानक उमटे आणि सकाळी नाहीसे होई. अशा पाहुण्या चित्राच्या भरवशावर व्हीसीआर जुळवणे म्हणजे मृगजळावर विहीर खोदणे!

परिस्थिती पालटली ती उपग्रहामुळे. १९८२ साली रंगीत प्रक्षेपण आणि राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. त्याच वर्षी सोडलेला इन्सॅट-१ए काही महिन्यांतच निकामी झाला. ऑगस्ट १९८३ मध्ये गेलेला इन्सॅट-१बी मात्र टिकला. त्याच्या आधारावर १९८४ मध्ये देशभर लघुशक्ती प्रक्षेपकांचे जाळे वेगाने पसरले. असा प्रक्षेपक बहुधा १०० वॅटचा. उपग्रहावरून आलेला दिल्लीचा कार्यक्रम तो आसपासच्या वीस-पंचवीस किलोमीटरांत पुन्हा फेकी. म्हणजे जिल्ह्याच्या गावी दूरदर्शन आले तेही आधी दिल्लीचे, मराठी मागाहून. आणि शहराबाहेरच्या खेड्यांत पुन्हा मुंग्याच. उंच बांबूवरचा अँटेना, गच्चीवरून ‘दिसून राह्यलं का?’ आणि खालून ‘अजून थोडं फिरव’ हा संवाद याच काळातला.

आता यंत्राकडे वळू. व्हीसीआरमध्ये दूरचित्रवाणी संचाप्रमाणेच स्वतःचा ट्यूनर असतो, ही गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नसे. अँटेनाची तार आधी व्हीसीआरमध्ये जाई, तेथून दुसरी तार टीव्हीत. व्हीसीआर बंद असता लहरी त्यातून पुढे सरकत आणि टीव्हीवर चित्र दिसे. तो चालू करून त्याच्यामार्फत पाहू गेले की मुंग्या. अर्थ उघड होता: टीव्ही जुळवलेला होता, व्हीसीआर जुळवायचा राहिला होता. कित्येक यंत्रांत एका छोट्या झाकणाखाली बारीक चाकांची ओळ असे आणि प्रत्येक चाकाजवळ बँड बदलण्याची कळ. कळ चुकीच्या बँडवर असेल तर चाक दिवसभर फिरवूनही काही हाती लागत नसे. काही यंत्रांत आणखी एक गंमत होती. वीज वाचवण्यासाठी व्हीसीआरची पिन काढली की आतला वर्धकही थांबे आणि टीव्हीवरचे चांगले चाललेले चित्रही जाई.

जाणकार कारागीर आधी कॅसेट लावून पाही. कॅसेट नीट दिसली तर व्हीसीआर ते टीव्ही हा मार्ग निर्दोष. शोध घ्यायचा तो अँटेना आणि ट्यूनर यांच्यामध्ये. तिथे नेहमीचा गुन्हेगार म्हणजे चपटी तार. ती ३०० ओहमची, तर व्हीसीआरचे भोक ७५ ओहमच्या गोल तारेसाठी. मध्ये बालून नावाचा छोटा ट्रान्सफॉर्मर न लावता तारा नुसत्या पिळून जोडल्या, तर मुळातच क्षीण असलेला संदेश वाटेतच आणखी गळे. मुंबईत मनोऱ्याच्या सावलीत ही चूक खपून जाई. वऱ्हाडात खपत नसे.

परदेशी यंत्रांची कथा निराळी. आखातातून आणलेला व्हीसीआर अनेकदा आपले चित्र यूएचएफच्या ३६व्या वाहिनीच्या आसपास सोडी, आणि आपल्याकडच्या कित्येक जुन्या संचांना यूएचएफ ठाऊकच नव्हते. तेथे तर कॅसेटही दिसत नसे. ब्रिटनहून आलेल्या यंत्रात दूरदर्शनचे चित्र मिळालेच, तरी आवाजाऐवजी खरखर. कारण तिकडे चित्र आणि ध्वनी यांतील अंतर ६ मेगाहर्ट्झ, इकडे ५.५.

या साऱ्याचा परिणाम यंत्राच्या उपयोगावर झाला. हुकलेला कार्यक्रम मागाहून पाहता यावा, यासाठी रेकॉर्डर निघाला. पण जेथे एकच वाहिनी आणि तीही अधूनमधून, तेथे टिपून ठेवायचे काय? व्हीसीआर एका रात्रीपुरता भाड्याने यायचा, सोबत तीन-चार चित्रपटांच्या कॅसेटी. नावातला ‘रेकॉर्डर’ नावापुरता उरला. केवळ कॅसेट दाखवणारा, ट्यूनर नसलेला व्हीसीपी आपल्याकडे लोकप्रिय झाला, त्यामागे स्वस्ताईबरोबर हेही कारण धरावे लागेल.

पुढे केबल आली, तेव्हा गल्लीतल्या केबलवाल्याकडचा व्हीसीआर स्वतःच प्रक्षेपक बनला: एका कॅसेटवर सारा मोहल्ला.

जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये व्हीसीआरची निर्मिती थांबवली. त्यानंतर प्रसार भारतीने जमिनीवरचे बहुतेक सारे अ‍ॅनालॉग प्रक्षेपक २०२२पर्यंत बंद केले. आज माळ्यावरचा व्हीसीआर काढून बालून लावला, बँड जुळवला, चाक अचूक फिरवले, तरी अकोल्यात त्याच्यावर मुंग्याच दिसतील. कॅसेटला बुरशी लागली नसेल, तर ती मात्र चालेल.