सोसायटीची व्यवस्थापन समिती : विनावेतन सेवा आणि कायद्याची जबाबदारी

सिल्वासा शहरातील टोकरखाड्यासारख्या वस्तीत सदनिका घेणारे कुटुंब प्रत्यक्षात दोन गोष्टींचे मालक होते. एक, दाराच्या आतील घर. दुसरी, दाराबाहेरील जिना, पाण्याची टाकी, लिफ्ट, गच्ची आणि कुंपण यांतील वाटा. पहिल्याची काळजी प्रत्येक जण घेतो. दुसरे सर्वांचे असल्यामुळे कोणाचेच राहत नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी सभासदांनी आपल्यातून निवडलेले मंडळ म्हणजे व्यवस्थापन समिती. २०११ च्या जनगणनेत सिल्वासाची लोकसंख्या सुमारे ९८ हजार होती. कारखानदारीमुळे निरनिराळ्या प्रांतांतून आलेली, निरनिराळ्या भाषा बोलणारी कुटुंबे येथे एकाच इमारतीत राहतात. अशा ठिकाणी समितीचे काम केवळ हिशेबाचे राहत नाही, ते शेजार टिकवण्याचेही होते.

परंपरा

या पद्धतीचे मूळ मुंबईत सापडते. गावदेवी येथील सारस्वत सहकारी गृहनिर्माण संस्था १९१५ मध्ये नोंदली गेली. तिच्या स्थापनेमागे रावबहादूर श्रीपाद सुब्राव तालमकी होते. त्यांनीच १९०६ मध्ये आपल्या गुरूंच्या नावाने शामराव विठ्ठल सहकारी बँक सुरू केली होती. मुंबईत नोकरीनिमित्त आलेल्या मध्यमवर्गीय कुटुंबांना परवडणारे घर मिळावे, आणि ते घरमालकाच्या मर्जीवर नव्हे तर परस्परांच्या विश्वासावर उभे राहावे, हा त्यामागील विचार होता. विनावेतन काम करणारी समिती हा त्या विचाराचा कणा आहे.

२०११ च्या ९७ व्या घटनादुरुस्तीने सहकारी संस्था स्थापन करण्याचा हक्क राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदात समाविष्ट केला. प्रत्यक्ष कारभाराचे कायदे मात्र प्रदेशपरत्वे वेगळे असतात. म्हणून पुढे महाराष्ट्रातील तरतुदी उदाहरणादाखल दिल्या आहेत. प्रत्येक संस्थेने आपल्या निबंधकाने मंजूर केलेले उपविधी प्रमाण मानावेत.

विकासकाकडून सभासदांकडे

समितीचे पहिले मोठे काम इमारतीचा ताबा कागदोपत्री मिळवणे हे असते. २०१६ चा स्थावर संपदा कायदा, म्हणजेच रेरा, येथेही लागू आहे आणि दादरा नगर हवेली महारेराच्या अधिकारक्षेत्रात येते. स्थानिक कायद्यात वेगळी तरतूद नसल्यास, बहुसंख्य सदनिकांची नोंदणी झाल्यापासून तीन महिन्यांच्या आत खरेदीदारांची संस्था स्थापन होण्यास विकासकाने साहाय्य करावयाचे असते. तशीच वेगळी तरतूद नसल्यास, भोगवटा प्रमाणपत्र मिळाल्यापासून तीन महिन्यांत अभिहस्तांतरण करून द्यावयाचे असते. ताबा दिल्यापासून पाच वर्षांच्या आत बांधकामात दोष आढळल्यास तो विनामूल्य दुरुस्त करण्याची जबाबदारी विकासकावर आहे. गळती किंवा तडे यांची लेखी तक्रार या मुदतीत करणारी समिती नसेल, तर तो खर्च पुढे सभासदांच्याच खिशातून जातो.

रचना आणि कामकाज

महाराष्ट्रात समितीची मुदत पाच वर्षांची असते. अध्यक्ष, सचिव आणि खजिनदार हे तीन पदाधिकारी समितीतून निवडले जातात. महिला व मागासवर्गीय सभासदांसाठी राखीव जागा असतात. थकबाकीदार सभासद समितीवर राहू शकत नाही. समितीने महिन्यातून किमान एकदा बैठक घ्यावी आणि तिचे इतिवृत्त लिहून ठेवावे, अशी आदर्श उपविधींची अपेक्षा आहे. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपते आणि वार्षिक सर्वसाधारण सभा ३० सप्टेंबरपर्यंत घ्यावी लागते. सभेची सूचना पूर्ण १४ दिवस आधी द्यावी लागते.

अंतिम अधिकार सर्वसाधारण सभेचा असतो, समितीचा नव्हे. समिती ही त्या सभेच्या ठरावांची अंमलबजावणी करणारी यंत्रणा आहे. अनेक वाद हा फरक विसरल्यामुळेच उद्भवतात. सभेचा ठराव न घेता मोठी दुरुस्ती सुरू करणारी समिती, तिचा हेतू कितीही शुद्ध असला तरी, अडचणीत येते.

पैशाचा हिशेब

सर्वाधिक कुरबुरी मासिक देयकावरून होतात. आदर्श उपविधींनुसार रखवालदार, सफाई, समाईक वीज, कार्यालय यांचा सेवाखर्च सर्व सदनिकांवर सारखा आकारला जातो. सदनिका लहान की मोठी, हे त्यात पाहिले जात नाही. लिफ्टचा खर्चही इमारतीतील सर्वांवर समान असतो, तळमजल्यावरील सभासदावरदेखील. पाणीपट्टी नळांच्या संख्येनुसार ठरते. दुरुस्ती निधी बांधकाम खर्चाच्या वार्षिक किमान ०.७५ टक्के आणि सिंकिंग फंड किमान ०.२५ टक्के असावा लागतो. सदनिका भाड्याने दिल्यास बिनभोगवटा शुल्क सेवाखर्चाच्या १० टक्क्यांहून अधिक घेता येत नाही. थकबाकीवर सरळव्याजाची कमाल मर्यादा वार्षिक २१ टक्के आहे.

थकबाकी वाढल्यास शेजाऱ्याशी भांडण्याची गरज नसते. निबंधकाकडे अर्ज करून वसुली दाखला मिळवता येतो आणि रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होते.

उत्तरदायित्व

समितीच्या सदस्यांना पगार मिळत नाही. सर्वसाधारण सभेने ठरवल्यास पदाधिकाऱ्यांना मानधन देता येते. जबाबदारी मात्र विनावेतन म्हणून हलकी होत नाही. लेखापरीक्षणात गैरव्यवहार किंवा निष्काळजीपणामुळे नुकसान आढळल्यास संबंधितांकडून भरपाई वसूल करण्याची तरतूद कायद्यात आहे. यापासून खरे संरक्षण एकच : प्रत्येक खर्चाची पावती, दोन पदाधिकाऱ्यांच्या सहीचा धनादेश, मोठ्या कामासाठी एकापेक्षा अधिक दरपत्रके आणि न पटलेल्या निर्णयाबाबत इतिवृत्तात नोंदवलेला विरोध. जो सदस्य बैठकीत गप्प बसतो आणि जिन्यात नापसंती व्यक्त करतो, त्याची बाजू कागदावर कोठेच उरत नाही.

कोणीच पुढे न आल्यास

निवडणुकीत पुरेसे उमेदवार न मिळणे ही आजची सर्वसाधारण अडचण आहे. नोकरीच्या पाळ्या, वेळेची टंचाई आणि ‘उगाच शत्रुत्व कशाला’ ही भावना, ही तिची कारणे. परंतु समितीच अस्तित्वात नसेल, तर निबंधक प्रशासक नेमू शकतात. प्रशासकाचा खर्च संस्थेलाच सोसावा लागतो आणि निर्णय इमारतीत न राहणाऱ्या व्यक्तीच्या हाती जातात.

नव्याने समितीवर येणाऱ्या सदस्याने पहिल्याच बैठकीत पाच गोष्टी पाहून घ्याव्यात : बँकेचे ताजे खातेपत्रक, मागील लेखापरीक्षण अहवाल, इतिवृत्तवही, सभासदांची नोंदवही आणि अभिहस्तांतरणाची कागदपत्रे. यांतील जे उपलब्ध नसेल, ते मिळवणे हेच त्या समितीचे पहिले काम ठरते.